दशलक्षण आणि म्युनिकची जत्रा



आपल्या सातारा-सांगली भागातल्या बऱ्याच घरांतलं एखादं मूल आता जर्मनीत असतं. आईवडील तीन महिन्यांसाठी जातात, आणि निघण्याआधी पहिला प्रश्न येतो तो खाण्याचा. त्यावर आपण पिठं, डाळी, खाकरे घेऊन जातो आणि निभावतो. 2023 च्या सप्टेंबरात आम्ही दोघं म्युनिकला मुलाकडे होतो, तेव्हा मात्र वेगळाच प्रश्न पुढे आला. पाच वर्षांच्या नातीला ऑक्टोबरफेस्टला जायचं होतं, आणि तेही आजी-आजोबांबरोबर.

ऑक्टोबरफेस्ट म्हणजे बीअरचा उत्सव एवढंच आपण ऐकून असतो. त्याची सुरुवात झाली ती एका लग्नाने. 1810 साली 12 ऑक्टोबरला बव्हेरियाचा युवराज लुडविग आणि राजकन्या थेरेसा यांचं लग्न झालं. त्या निमित्ताने गावाबाहेरच्या कुरणावर घोड्यांच्या शर्यती झाल्या आणि कुरणाला राणीचं नाव मिळालं. पुढे दरवर्षी तिथे जत्रा भरू लागली. आता ती सप्टेंबरातच सुरू होते. मैदानात शिरायला तिकीट नसतं. म्युनिकच्याच सहा कारखान्यांची बीअर मोठमोठ्या तंबूंत एक-एक लिटरच्या मगांतून देतात, आणि तंबूंच्या बाहेर पाळणे, चक्रं, खाऊची दुकानं. आमच्या उंब्रजजवळ पालीला खंडोबाची यात्रा भरते, तशीच गर्दी आणि तसेच पाळणे.

अडचण तारखांची होती. त्या वर्षी उत्सव 16 सप्टेंबर ते 3 ऑक्टोबर होता आणि आपलं दशलक्षण पर्व 19 ते 28 सप्टेंबर. मंगळवारी तिथे कुटुंबांसाठी पाळण्यांचे दर कमी असतात. सूनबाईंनी 26 तारखेचा मंगळवार सुचवला. मी वही उघडून पाहिली, तर तो आठवा दिवस, उत्तम त्याग धर्माचा! तिला हसू आलं आणि मलाही.

मग आम्ही सगळ्यांनी बसून महिन्याचा आराखडा केला. दशलक्षणाचे दहा दिवस घरातच: सकाळी पूजापाठ, दुपारी स्वाध्याय, एकभुक्त. सहली त्याच्या आधी, जत्रा त्याच्यानंतर. आणि प्रत्येक सहलीचं वेळापत्रक सूर्यास्तावरून मागे मोजत यायचं. म्युनिकला जूनमध्ये सव्वानऊला सूर्य मावळतो, डिसेंबरात साडेचारच्याही आधी. सप्टेंबरच्या शेवटी तो सातच्या सुमारास मावळतो, म्हणजे उंब्रजपेक्षा थोडा उशिराच. रात्रिभोजन त्याग पाळणाऱ्यांना फिरायला हा महिना सोयीचा आहे.

प्रवासाला बव्हेरिया तिकीट घेतलं. एका तिकिटावर पाच जणांपर्यंत साध्या गाड्यांनी दिवसभर फिरता येतं, फक्त कामाच्या दिवशी सकाळी नऊनंतर. पहिली सहल नॉयश्वानस्टाइनच्या किल्ल्याची. फ्युसेनपर्यंत दोन तास रेल्वे, पुढे बस, मग अर्धा-पाऊण तास चढण. तिकिटावर आत जायची वेळ छापलेली असते, ती चुकली तर आत घेत नाहीत, म्हणून ते आधीच काढून ठेवायचं. हा किल्ला बांधायला घेतला 1869 साली, ज्याच्या लग्नाची जत्रा भरते त्या लुडविगच्या नातवाने. आम्ही खालच्या तळ्याकाठी डबा खाल्ला आणि सहाच्या आत घरी आलो.

दुसरी सहल कीमझे तळ्याची. प्रीनहून बोटीने फ्राउएन बेटावर गेलो. तिथे 782 साली स्थापन झालेला साध्वींचा मठ आहे आणि आजही साध्वी राहतात. ठरलेल्या वेळी प्रार्थना, काम, मौन. मला आपल्या आर्यिका माताजींची आठवण झाली. वेष वेगळा, भाषा वेगळी, पण घर सोडून राहण्यातली शिस्त ओळखीची वाटली.

डब्यात काय न्यायचं हेही सांगते. चातुर्मास असल्याने पालेभाजी नाही, कंदमूळ नाही, शिळं नाही. पहाटे केलेल्या दशम्या, लसूण न घातलेली शेंगदाण्याची कोरडी चटणी, मुगाची उसळ आणि फळं. पाणी घरून गाळून, उकळून. बाहेर काही घ्यायचंच झालं तर विचारून घ्या. ब्रेझल या पावात कधी कधी डुकराची चरबी असते. जत्रेत मिळणाऱ्या लेबकुखेन बदामात बहुधा मध असतो, आणि मद्य, मांस, मधु हे तिन्ही आपल्याला वर्ज्य.

एक गोष्ट तिथे मला फार आवडली. बव्हेरियात झाडांखाली बीअरच्या बागा असतात. 1812 साली राजाने बीअरवाल्यांना तिथे बीअर विकायला परवानगी दिली, पण जेवण विकायला नाही. त्यामुळे लोक घरून डबा आणू लागले आणि ती रीत आजही पाळली जाते. इंग्लिश गार्डनमधल्या चिनी मनोऱ्याशेजारी आम्ही दशम्या उघडल्या, नातीने सफरचंदाचा रस घेतला. शेजारच्या आजोबांच्या पुढे मोठा मग होता. त्यांनी दशमीकडे पाहून मान डोलावली.

नातीने तिथेच विचारलं, "आजी, बीअर पिणारी माणसं वाईट असतात का?" मी म्हटलं, "धान्य आंबवून ती करतात, त्यात अगणित जीव जन्मतात आणि मरतात. प्यायल्यावर आपलं भान जातं. म्हणून आपण पीत नाही. पण ते आजोबा कसे आहेत, हे आपल्याला कुठे माहीत आहे?" तिथले पॉलानेर साधू उपवासाच्या चाळीस दिवसांत अन्न चालत नाही म्हणून मुद्दाम दाट बीअर करत, असं मुलाने सांगितलं. आपल्या उपवासात पाणीसुद्धा नसतं. दोन्हीकडे लोक श्रद्धेनेच उपवास करतात, हे ऐकून मी थोडी गप्प झाले.

खरी परीक्षा पुढे होती. 25 तारखेला, उत्तम तपाच्या दिवशी, मुलाच्या ऑफिसच्या लोकांनी तंबूत टेबल घेतलं होतं. "जाऊ का?" असं त्याने विचारलं. यांचा चेहरा पडला. मी म्हटलं, "तू ठरव." तो गेला. रात्री आला तेव्हा मी जागी होते. काय प्यायलास, हे ओठांवर आलं होतं, पण विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी स्वाध्यायात त्यागाचं प्रकरण होतं. दान, परिग्रह हे सगळं वाचताना माझ्या मनात तेच घोळत राहिलं. चाळिशीला आलेल्या मुलाच्या नियमांचा हिशोब आपण ठेवायचा, हाही एक परिग्रहच. व्रत ज्याने घेतलं त्याचं. मी माझं सांभाळायचं, त्याला दिसेल असं सांभाळायचं, आणि तेवढ्यावर थांबायचं.

अनंत चतुर्दशी झाली आणि शुक्रवारी 29 ला सकाळीच आम्ही जत्रेत गेलो. मोठी पिशवी आत नेता येत नाही, म्हणून लहान डबा घेतला. तंबूत गेलो नाही. नात तीन पाळण्यांत बसली. साखरेत परतलेले बदाम विचारून घेतले. लेबकुखेनचं बदाम तिने गळ्यात घातलं, खाल्लं नाही. मैदानाच्या कडेला बव्हेरिया देवीचा 1850 सालचा काशाचा पुतळा आहे, अठरा मीटरहून उंच. आतून जिना आहे. तिच्या डोक्यातल्या झरोक्यातून खालची सगळी जत्रा दिसते. पाचला घरी, सहाला जेवण.

30 तारखेला क्षमावणी. मुलाने वाकून "उत्तम क्षमा" म्हटलं, आम्हीही त्याला म्हटलं. कशाबद्दल, ते कुणीच विचारलं नाही.

तुमचं जाणं ठरत असेल तर आधी पंचांग आणि तिथली सूर्यास्ताची वेळ एका कागदावर शेजारी-शेजारी लिहा. बाकीचं जुळून येतं.