वायफाय माझं, हवा सगळ्यांची

पोस्ट थोडी लांब आहे. पण पीक विम्याची शेवटची तारीख जवळ आली की धाराशिवमध्ये दरवर्षी एकच गाऱ्हाणं ऐकू येतं, "नेट चालंना." म्हणून लिहितोय.

गेल्या जुलैत शहरातल्या एका गाळ्यांच्या रांगेत मोबाइलवर वायफाय तपासायचं ॲप उघडून उभा राहिलो. १२ गाळे, १४ राउटर. बाहेर ढोकी, तेर, बेंबळीकडून आलेले लोक सातबारा, आधार, पासबुक घेऊन ताटकळत उभे. जवळपास प्रत्येक दुकानदारानं वर्षभरात प्लॅन वाढवलेला. तरी फाइल अपलोड करताना गोल चक्कर फिरतंय ते फिरतंयच.

फायबर दुकानात येईपर्यंत ज्याचं त्याचं वेगळं असतं. राउटरपासून लॅपटॉपपर्यंतची दहा फूट हवा मात्र सगळ्यांची एकच. आपल्याकडचे बहुतेक स्वस्तातले राउटर २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. त्या पट्ट्यात चॅनेलचे आकडे १३ दिसतात, पण एकमेकांत न घुसणारे तीनच: १, ६ आणि ११.

वायफाय मुळात गुणी आहे हो. बोलायच्या आधी ऐकतं, कुणी बोलत असेल तर थांबतं. दोघं एकदम बोलले तर दोघंही आपली थांबायची मुदत दुप्पट करतात आणि त्या मुदतीत कुठंतरी, चिठ्ठी काढल्यासारखी, पुन्हा संधी घेतात. पण ही सभ्यता एकाच चॅनेलवर असणाऱ्यांपुरती. "१ वर गर्दी, ६ वर गर्दी, मी ३ वर जातो" म्हणणारा हुशार माणूस दोन्हीकडच्यांना नुसता गोंगाट होतो आणि त्याला स्वतःलाही त्या दोघांचा त्रास. दुसरा ४० मेगाहर्ट्झची सेटिंग लावतो. सगळा पट्टाच ८३.५ मेगाहर्ट्झचा, म्हणजे जवळजवळ निम्मा यानंच घेतला. तिसरा रिपीटर बसवतो. तो तेच बोलणं पुन्हा एकदा बोलतो.

यात वेडं कुणीच नाही. एकट्यापुरतं पाहिलं तर प्रत्येकाचं बरोबर आहे. जॉन नॅश या गणितज्ञानं १९५० मध्ये नेमकी ही अवस्था मांडली: एकट्यानं माघार घेतली तर त्याचंच नुकसान, म्हणून कुणीच हलत नाही आणि सगळे मिळून अडकतात. आपल्याला हे शिकवायला गणितज्ञ कशाला पाहिजे म्हणा! शेजाऱ्यानं २०० फूट बोअर घेतला की आपण ४००, मग तो ६००. फरक एवढाच की उपसलेलं पाणी पावसाशिवाय परत येत नाही, हवा मात्र पुढच्या क्षणी पुन्हा रिकामी होते. म्हणजे इथं तडजोड स्वस्त आहे.

ती करून पाहिली. गाळ्यांना ओळीनं १, ६, ११, पुन्हा १, ६, ११ असे चॅनेल दिले. रुंदी २०, पॉवर कमी. जो कॉम्प्युटर जागचा हलत नाही त्याला थेट केबल, म्हणजे तो हवेतून बाहेरच. खर्च केबलचाच. ११ जण तयार झाले. एक म्हणाला, "माझ्या पैशाचं नेट, मी का कमी करू?" आता गंमत बघा, बाकीचे गप्प झाल्यावर सगळ्यात फायदा त्याचाच झाला. दोन दिवसांत दुसरा म्हणायला लागला, मग मीच का येडा?

सरकारनं हा पट्टा विनापरवाना मोकळा ठेवलाय आणि ते चांगलंच आहे. चार दुकानांच्या भांडणात दिल्लीचा परवाना नको. पण मोकळं म्हणजे बिनधन्याचं नव्हे. एलिनॉर ऑस्ट्रॉम बाईंना २००९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते चराई, जंगल, पाणी लोकांनी आपापसात नियम करून कसं सांभाळलं याच्या अभ्यासाबद्दल. त्यांना दिसलं की रोज तोंड बघणारी माणसं नियम करतात, एकमेकांवर नजरही ठेवतात. मात्र मोडणाऱ्याला पहिल्यांदा दंड छोटाच लागतो.

गाळेधारकांची बैठक रविवारी आहे. विषय दोन, सामाईक पाण्याची मोटर आणि वायफाय. त्या एकाला बोलावणं गेलंय. येतो म्हणालाय.