सही करण्याआधी

चि. बाळास,


पाइपलाइन रोडच्या आतल्या बाजूला स्लॅबपर्यंत आलेलं ते दीड गुंठ्यातलं रो हाऊस तुम्हा दोघांना पसंत पडल्याचं तुझ्या आईने सांगितलं. फार आनंद झाला. वीस लाखांचं कर्ज सावेडीतल्याच एखाद्या सहकारी संस्थेतून काढायचा तुझा विचार आहे म्हणे. माझी सगळी नोकरी कर्ज विभागात गेली, म्हणून सविस्तर लिहिते आहे. सावेडीत घर शोधणाऱ्या तुझ्या वयाच्या इतरांनीही हे वाचावं.

विचार मला पटतो. नागापूरच्या एमआयडीसीत तुझं छोटं फॅब्रिकेशनचं काम. पगाराची स्लिप नाही, रिटर्न जेमतेम. मोठ्या बँकेत अशी फाइल पहिल्याच टेबलावर अडकते. सहकारी संस्थेचा शाखाधिकारी वर्कशॉपवर येतो, कोणाच्या ऑर्डरी आहेत ते बघतो, शेजारच्या गाळ्यात चौकशी करतो. माणूस बघून कर्ज देण्याची ही रीत आपल्या जिल्ह्याने पिढ्यान्‌पिढ्या जपली आणि तिच्यावर कितीतरी घरं उभी राहिली.

पण पाटीवर ‘बँक’ आहे की ‘पतसंस्था’, ते आधी बघ. नागरी सहकारी बँकेला रिझर्व्ह बँकेचा परवाना लागतो. पतसंस्था १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याखाली सहकार खात्याच्या देखरेखीत चालते. कर्ज फिटल्यावर घराचे मूळ कागद ३० दिवसांत परत द्यायचे, उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यायची, हा रिझर्व्ह बँकेचा १ डिसेंबर २०२३ पासूनचा नियम सहकारी बँकांना लागू आहे, पतसंस्थांना नाही. पतसंस्थेत जायचंच असेल तर कागद कधी परत मिळतील ते मंजुरीपत्रात लिहून घे. हप्ते थकले तर पतसंस्था कलम १०१ खाली वसुली दाखला मिळवते, हेही ठाऊक असू दे.

बँक आहे म्हणूनही निर्धास्त राहू नकोस. नगर अर्बन बँक तुला आठवत असेल. १९१० सालची, नगरकरांची बँक. ६ डिसेंबर २०२१ रोजी निर्बंध आले, खात्यातून १०,००० रुपयांच्या वर काढता येईना, आणि ४ ऑक्टोबर २०२३ ला परवानाच रद्द झाला. ठेवीदारांच्या रांगांबद्दल सगळे बोलले. कर्जदाराचंही ऐक. बँक बुडाली म्हणून कर्ज माफ होत नाही, अवसायक वसूल करतोच. आणि तुझ्यासारखं बांधकाम अर्ध्यावर असेल तर निर्बंध लागल्यावर कर्जाचा पुढचा टप्पा मिळेल याची खात्री उरत नाही. बिल्डर मात्र पैशाला थांबत नाही. म्हणून ठेवीदाराइतक्याच बारकाईने संस्थेचा ताळेबंद बघ. निव्वळ एनपीए किती, लेखापरीक्षणाचा वर्ग कोणता, हे वार्षिक अहवालात छापलेलं असतं. कर्ज घेताना तू सभासद होणारच आहेस. बँकेत तारण कर्जावर साधारण अडीच टक्क्यांचे भाग घ्यावे लागतात, म्हणजे तुझे ५०,००० रुपये त्या संस्थेत अडकतील. तेव्हा अहवाल मागायला लाजायचं कारण नाही.

व्याजाचा हिशोब मी करून ठेवला आहे. वीस लाख, वीस वर्षं. ९ टक्क्यांनी हप्ता १७,९९५ च्या आसपास, १३ टक्क्यांनी २३,४३२. वीस वर्षांत फरक १३ लाखांवर जातो! ‘ओळखीचे आहेत, लगेच देतात’ या एका वाक्यासाठी जास्त दराच्या संस्थेला एवढी किंमत मोजायची का, ते दोघांनी बसून ठरवा. दर घटत्या शिल्लकेवर आहे ना, आणि मुदतीआधी फेडलं तर दंड किती, हे दोन प्रश्न शाखाधिकाऱ्याला तोंडावर विचार.

आता जामीनदार. इथे माझा जीव अडकतो. टेबलासमोर जामीनदार बसायचे, कुणी मेहुणा, कुणी शाळेतला मित्र. घड्याळाकडे बघत, ‘कुठं करू सही?’ विचारत पानं उलटत जायचे. रकमेचे रकाने कोरे असले तरी त्यांचं पेन थांबायचं नाही. पुढे हप्ते थकले की नोटीस त्यांच्याही घरी जायची. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. आधी कर्जदाराकडून वसूल करा, असं त्याला सहसा म्हणता येत नाही. म्हणून ज्याला तू जामीन राहायला सांगशील त्याला हे आधी घरी बसवून सांग, आणि कोरा कागद कुणाच्याही पुढे ठेवू नकोस. तुलाही कुणी जामीन राहण्याची अशीच भीड घातली तर नाही म्हण. त्याने माणूस दुरावला तर दुरावू दे.

जागेचं म्हणशील तर एनए आदेश, सिटी सर्व्हे उतारा आणि तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट तुझ्या वकिलाकडून तपासून घे. फक्त संस्थेच्या वकिलावर विसंबू नकोस. उताऱ्यावर आधीच कुणाचा बोजा नाही ना, ते स्वतः वाच.

पुढच्या आठवड्यात मी सावेडीला येते आहे. मंजुरीपत्र हातात आलं की सही करण्याआधी मला दाखव. दोन दिवस उशीर झाला तर बिल्डर थांबेल, नाही थांबला तर मी त्याच्याशी बोलेन.

तुझी,
आत्या