काटकसरीचा प्रवासी

हाताशी शनिवार-रविवारचे दोनच दिवस आणि खिशात मोजके पैसे असले, की पुष्कळ लोक परगावी जाण्याचा विचारच सोडून देतात. प्रवास ही सुखवस्तू माणसांची चैन आहे, अशी त्यांची समजूत असते. काटकसरी प्रवासी मात्र असा खचून जात नाही. पैशांची उणीव तो विचाराने भरून काढतो.

मुंबई पाहावयाची ठरली, की तो प्रथम नकाशा उलगडून बसतो. पाहावयाची स्थळे तो आवडीप्रमाणे नव्हे, तर शेजाराप्रमाणे मांडतो. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसची १८८८ साली पूर्ण झालेली भव्य इमारत, एशियाटिक सोसायटीचे उंच पायऱ्यांचे सभागृह, राजाबाई मनोरा, वस्तुसंग्रहालय आणि शेवटी गेटवे ऑफ इंडिया ही सारी एका दिवसाच्या पायपिटीत सामावतात. दुसरा दिवस तो घारापुरीच्या लेण्यांसाठी राखून ठेवतो. लेणी सोमवारी बंद असतात, पावसाळ्यात समुद्र खवळला की लाँच सुटत नाही, रविवारी रुळांच्या दुरुस्तीसाठी काही लोकलगाड्या काही तास बंद राहतात, या गोष्टी तो निघण्यापूर्वीच टिपून घेतो. घरी केलेला विचार फुकट असतो. वाटेत झालेल्या घोटाळ्याची किंमत मात्र रोख मोजावी लागते.

वाहनाची निवडही तो अशीच करतो. मोटारीच्या काचेआडून शहर दिसते. लोकलच्या बाकावर आणि बसच्या रांगेत ते भेटते. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यास पहिली आगगाडी गेली. आज त्या मार्गावर कामकरी, विद्यार्थी, टोपलीवाल्या बाया खांद्याला खांदा लावून प्रवास करतात. "जरा सरका" एवढ्या दोन शब्दांवर तिघांच्या बाकावर चौथा बसतो. ही माणुसकी पाहावयास वेगळे तिकीट पडत नाही.

उरतो प्रश्न रात्रीच्या निवाऱ्याचा. आपल्याकडे धर्मशाळांची परंपरा जुनी आहे. युरोपात या गरजेतूनच एक चळवळ जन्मास आली. १९०९ साली रिचर्ड शिरमान नावाचे एक जर्मन शिक्षक आपल्या विद्यार्थ्यांसह पायी सहलीस निघाले असता वादळात सापडले. एका खेड्यातील शाळेने त्यांना आसरा दिला. मुले गवतावर निजली. शिक्षक मात्र विचार करीत जागे राहिले. सुटीत ओस पडणाऱ्या शाळा प्रवासी मुलांसाठी का उघडू नयेत? या प्रश्नातूनच १९१२ मध्ये आल्टेना येथील किल्ल्यात युवक वसतिगृह उभे राहिले, आणि ही कल्पना पुढे देशोदेशी पसरली.

अशा निवासांत एका खोलीत अनेक खाटा असतात. शेजारच्या खाटेवरचा माणूस अनोळखी असतो, कधी त्याची भाषाही वेगळी असते. म्हणून काटकसरी प्रवासी पैसे आणि तिकीट उशाशी जपून ठेवतो. पण मनाचे दार लावून घेत नाही. रात्री उशिरा आला तर तो दिवा लावीत नाही; सकाळी अंथरूण घडी करून ठेवतो. थोड्या पैशांत मिळालेल्या निवाऱ्याचे उरलेले मोल सौजन्याने फेडावयाचे असते, हे तो जाणतो.

काटकसर आणि कंजूषपणा यांतील भेद येथेच आहे. कंजूष माणूस लेण्यांच्या दारापर्यंत जाऊन तिकिटाच्या पैशांसाठी माघारी फिरतो. काटकसरी माणूस शिदोरीची भाकरी खातो, मैलभर पायी चालतो, आणि वाचलेल्या पैशांतून ते तिकीट आनंदाने काढतो. त्रिमूर्तीपुढे उभे राहिल्यावर कोण कोणत्या वाहनाने आला, हे कोणी विचारीत नाही. तेथे प्रत्येकाला त्याच्या दृष्टीएवढेच दिसते. आणि ती दृष्टी पैशांनी विकत घेता येत नाही.