पेठेतला शेवटचा भोंगा

सोलापुरातल्या गिरण्यांचे भोंगे एकेक करून बंद पडले, पण नव्या पेठेतला एक भोंगा गेली वीस वर्षे रात्री साडेअकराला न चुकता वाजत होता. तो मी वाजवीत होतो. मला मात्र तो कधीच ऐकू आला नाही. घोरण्याच्या बाबतीत निसर्गाने गुन्हेगाराला झोप आणि फिर्यादीला जागरण अशी अजब वाटणी करून ठेवली आहे.

एकदा सिद्धेश्वर एक्स्प्रेसने मुंबईला गेलो, तेव्हा समोरच्या बर्थवरच्या गृहस्थांनी दादरला उतरताना हात जोडून विचारले, "परतीचं तिकीट कुठल्या तारखेचं आहे हो तुमचं?" माणूस किती लाघवी, असे म्हणत मी तारीख सांगितली. ते नंतरच्या तारखेला परतले असावेत.

शेवटी मुलाने धरून डॉक्टरांकडे नेले. "झोपेत श्वास थांबतो का?" त्यांनी विचारले.

"छे!" मी म्हणालो.

"थांबतो," ही म्हणाली. "मी अंक मोजते. पंधरापर्यंत वाट बघते, मग कोपराने ढोसते."

मी बघतच राहिलो. बरगडीतल्या दुखण्याला वात समजून मी इतकी वर्षे तेल चोळीत होतो! आणि रोज रात्री कुणीतरी आपल्या श्वासांचा हिशेब ठेवीत जागे बसते, हे मला साठी उलटल्यावर कळत होते.

मग बोटाला चिमटा आणि छातीला पट्टा लावून झोपेची तपासणी झाली. दुखणे मध्यम निघाले. म्हणून नाकावर हवेचे यंत्र बांधण्याऐवजी माझी रवानगी दातांच्या डॉक्टरांकडे झाली. झोपेत जीभ मागे पडते आणि घशातली वाट चिंचोळी होते. दातांवर साचा बसवून खालचा जबडा थोडा पुढे धरून ठेवला, की जिभेलाही पुढे यावे लागते आणि वाट मोकळी राहते. पिएर रोबँ नावाच्या फ्रेंच डॉक्टरने शंभराहून अधिक वर्षांपूर्वी जबडा लहान असलेल्या बाळांसाठी असेच साधन वापरले होते. बाळांचे एक बरे असते, त्यांना आरशात बघावे लागत नाही.

पहिल्या रात्री लाळेने उशी भिजली. हिने उशीवर सोलापुरी टॉवेल अंथरला. हा टॉवेल साता समुद्रापार का गेला, ते मला त्या रात्री पटले. "दिवा घालव" म्हणायला गेलो, तर "थिवा फायव" असे काहीतरी बाहेर पडले. ही हसून उठून बसली, म्हणजे तीही झोप गेलीच.

सकाळी साचा काढला, तर दात दातावर बसेनात. वरच्या दाढा दत्त चौकात, खालच्या पार्क चौकात! आणि ताटात कडक भाकरी अन् शेंगा चटणी. मी ती भाकरी आमटीत बुडवून गिळली. सोलापूरकराची याहून मोठी मानहानी नाही. तिसऱ्या दिवशी साचा डबीत गेला आणि हिचे अंक पुन्हा सुरू झाले. ते आता मला जागेपणीही ऐकू येऊ लागले. पाचव्या दिवशी मी निमूटपणे दवाखान्यात जाऊन बसलो.

"काका, पहिल्याच रात्री आठ तास कशाला?" डॉक्टर म्हणाले. "आधी संध्याकाळी पेपर वाचताना तास-दोन तास घाला. तोंडाला वाटतं काहीतरी खायला आलंय, म्हणून लाळ सुटते. काही दिवसांत ओसरते. सकाळी कोमट फडक्यानं जबडा शेका, हळूहळू उघडमीट करा आणि हा छोटा ठोकळा दहा-पंधरा मिनिटं दातांत धरा. दात आपल्या जागी येतात. दुखणं वाढलं, किंवा दुपारपर्यंत दात जुळले नाहीत, तर मात्र लगेच या. स्क्रू आपल्या मनानं फिरवायचा नाही. आणि साचा गार पाण्यातच धुवायचा. गरम पाण्यात वाकडा होतो."

मी त्याच सकाळी तो उकळायला ठेवणार होतो, हे मी त्यांना सांगितले नाही.

महिन्याभरात साचा अंगवळणी पडला. पुन्हा तपासणी झाली, आकडे सुधारले. कडक भाकरीही पूर्ववत कडाकडा मोडू लागली. फक्त दात जागेवर आल्यावर.

परवा रात्री दोनला जाग आली. शेजारून बारीक, सुरेल घोरण्याचा आवाज येत होता. वीस वर्षांचा सूड! मी मोबाइल उचलला. सकाळी पुराव्यासकट फिर्याद करणार होतो. मग लक्षात आले, ही इतक्या वर्षांनी अशी गाढ झोपली आहे. मोबाइल ठेवून दिला. कोपर तयार ठेवले आणि अंक मोजू लागलो. श्वास कुठे थांबला नाही. मोजता मोजता मलाच झोप लागली.