पत्र्याला आकार देणारे हात

पुणे–अहिल्यानगर मार्गाने कोरेगाव भीमा ओलांडले, की सणसवाडी, शिक्रापूर, रांजणगाव अशी कारखान्यांची ओळ लागते. शिरूर तालुक्याचा हा टापू एके काळी ज्वारी-बाजरीचा. रांजणगावचे नाव सर्वतोमुखी होते ते तेथील महागणपतीमुळे. आज तेथे जीप आणि टाटांच्या मोटारी तयार होतात. व्हर्लपूल व एलजी यांचे फ्रिज तयार होतात. शिरूरहून न्हावरे-चौफुला रस्त्याने भीमेच्या खोऱ्यात उतरले, की दौंड. आजोबा रेल्वेत, वडील रेल्वेत अशी कित्येक घरे या जंक्शनच्या गावाने सांभाळली. त्याच घरांतील नातवंडे आता कामासाठी औद्योगिक वसाहतींची वाट धरतात. कुरकुंभची वसाहत जवळ असली, तरी ती प्रामुख्याने रासायनिक. पत्र्याचे काम करू पाहणारी मुले शिरूरच्या बाजूस जातात.

पवित्र मिस्सामध्ये ख्रिस्तशरीर देताना धर्मगुरूला माणसांचे चेहरे दिसतात, त्याहून जवळून त्यांचे तळहात दिसतात. शिक्षिकेच्या बोटांवरील खडूचा पांढुरका रंग, कांदा काढून आलेल्या मावशींच्या नखांतील माती, गॅरेजमधल्या तरुणाच्या रेषांत मुरलेले वंगण. त्यांतच काही हात असे असतात, की तर्जनीच्या जागी गुळगुळीत खुंट असतो, किंवा मधल्या बोटाची दोन पेरी नसतात. कसे झाले असे विचारले, तर उत्तर ठरलेले असते, "प्रेसवर गेलं, फादर." बोट जणू आपण होऊनच कोठे निघून गेले!

प्रेस म्हणजे दाबयंत्र. विजेच्या मोटरीवर एक जड चाक अखंड फिरत असते. कामगाराने पायाखालचे पेडल दाबले, की क्लच त्या चाकाची शक्ती वरच्या रॅमला देतो. रॅमला जोडलेला पंच खालच्या डायमध्ये उतरतो आणि मधला सपाट पत्रा कापला जातो, वाकवला जातो किंवा वाटीसारखा खोल ओढला जातो. मोटारीच्या आसनाखालचा ब्रॅकेट, स्वयंपाकघरातील स्टीलचा डबा, बिजागरीची पट्टी या साऱ्यांचा जन्म असाच होतो. काम वर्णन करण्यास सोपे आहे. पत्रा ठेवावा, पेडल दाबावे, तयार झालेला जॉब उचलावा. एका पाळीत हे शेकडो, कधी हजारो वेळा घडते.

हे बिनडोक काम आहे, असा समज मात्र कोणी करून घेऊ नये. जाणता ऑपरेटर यंत्राचा आवाज ओळखतो. कापलेल्या कडेवर बोचरी बर दिसू लागली, की डायची धार गेली हे त्याला कळते. खोल ओढकामात पत्रा धरून ठेवणारा दाब कमी पडला तर कडेला सुरकुत्या पडतात, अधिक झाला तर पत्रा फाटतो. या दोहोंमधील माप पुस्तकात दिलेले असले, तरी अखेर ते त्याच्या डोळ्यांत आणि हातांत मुरावे लागते. सेमिनरीत आम्हां विद्यार्थ्यांच्या घडणीला 'फॉर्मेशन' म्हणत. कारखान्यातील 'फॉर्मिंग' हा शब्द त्याचाच सख्खा भाऊ. दाब किती द्यावा आणि कोठे थांबावे, हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच आहे.

थांबण्याचाच मुद्दा येथे कळीचा आहे. पुण्याच्या तांबट आळीत पिढ्यान्‌पिढ्या तांब्याच्या भांड्यांवर मठारकाम होत आले. तेथे ठोका कारागिराच्या मनगटातून येतो. मनगट थांबले, की हातोडा थांबतो. जुन्या पद्धतीच्या प्रेसचे तसे नाही. क्लचची चावी एकदा गुंतली, की रॅम पूर्ण फेरी करूनच थांबतो. मध्ये हात आहे की पत्रा, हे त्याला ठाऊक नसते. चावी झिजली असेल किंवा तिची स्प्रिंग थकली असेल, तर पेडल सोडल्यावरही रॅम पुन्हा खाली येतो. कामगार म्हणतात, "मशीननं डबल मारला."

दौंडच्या एका घरातील एकोणीस वर्षांचा मुलगा बारावीनंतर ठेकेदारामार्फत एका लहानशा शेडमध्ये कामाला लागला. तिसऱ्याच आठवड्यात, रात्रपाळीत, त्याच्या उजव्या हाताची तर्जनी आणि मध्यमा गेली. मी रुग्णालयात गेलो तेव्हा त्याची आई म्हणाली, "फादर, सायेब म्हनत्यात याचंच लक्ष नव्हतं." वडील म्हणाले, "देवाची इच्छा." मुलगा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "लक्ष होतं. पाय काढला होता. मशीन दुसऱ्यांदा पडली." कारखान्याच्या कागदावर मात्र 'कामगाराचा निष्काळजीपणा' असे शब्द आधीच उमटले होते. धर्मग्रामातील एका वकिलांनी त्याला स्वतःचा जबाब लिहून देण्यास सांगितले. तो त्याने डाव्या हाताने, अर्धा तास खर्चून, चार ओळींत लिहिला.

बोटांची किंमतही आपल्याकडे लिहून ठेवलेली आहे. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टात कमाईच्या क्षमतेतील घट टक्क्यांनी दिली होती. अंगठा ३०, संपूर्ण तर्जनी १४, मध्यमा १२, अनामिका किंवा करंगळी ७. एका हाताची दोन बोटे गेल्यास २०. हा कायदा २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत सामावून घेण्यात आला. अनेक कुटुंबांना ठाऊक नसलेली एक गोष्ट येथे सांगावीशी वाटते. त्या जुन्या कायद्यानेही केवळ दुर्लक्ष झाले म्हणून भरपाई नाकारण्याची मुभा मालकाला दिलेली नव्हती. मद्यपान, मुद्दाम मोडलेला सुरक्षेचा नियम, जाणूनबुजून काढून टाकलेले संरक्षक साधन, असे मोजकेच अपवाद होते. 'निष्काळजी' या शब्दाने हक्क बुडत नाही. पण मुलाची मान मात्र खाली जाते, आणि मान खाली घातलेला माणूस हक्क मागायला जात नाही.

हे अपघात टाळता येतात. दोन्ही हातांनी दोन बटणे एकदम दाबल्याखेरीज न चालणारे प्रेस आहेत. त्यात हात डायखाली राहूच शकत नाहीत. हवेच्या दाबावर चालणारा क्लच-ब्रेक रॅमला वाटेतच थांबवतो. प्रकाशकिरणांचा पडदा हात आडवा येताच यंत्र बंद करतो. हेही नसेल, तर लोखंडी जाळी आणि जॉब उचलायला चिमटा, एवढे तरी असू शकते. धोक्याच्या भागांना भक्कम कुंपण हवे, हे १९४८ च्या कारखाने अधिनियमाने सांगून ठेवले होते. तरीही वाहन उद्योगातील अपघातग्रस्त कामगारांसाठी झटणारी 'सेफ इन इंडिया' ही संस्था २०१९ पासून जे अहवाल प्रसिद्ध करीत आली आहे, त्यांत बोटे चिरडणाऱ्या यंत्रांमध्ये पॉवर प्रेसचे नाव अग्रभागी आहे. अनेकांना ई.एस.आय.चे कार्ड अपघात झाल्यावरच मिळते, असेही ते अहवाल सांगतात. ताशी जॉबचा आकडा गाठायचा म्हणून एक बटण बांधून ठेवले जाते, जाळी काढून कोपऱ्यात उभी केली जाते. हे करणारा हात कामगाराचा असेलही. पण तो आकडा कोणी ठरवला?

परमगुरुस्वामी दुसरे जॉन पॉल तरुणपणी, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, क्राकूव्ह येथे दगडाच्या खाणीत आणि नंतर रासायनिक कारखान्यात मजूर होते. १९८१ साली त्यांनी श्रमावर परिपत्रक लिहिले. त्याचा गाभा असा, की काम माणसासाठी आहे, माणूस कामासाठी नाही. प्रेसपुढे या वाक्याचा अर्थ अगदी साधा होतो. यंत्राला थांबता आले पाहिजे. आणि ज्या यंत्राला थांबवण्याची सोय मालकाने पैशांसाठी टाळली, त्याच्या ठोक्याला देवाची इच्छा म्हणणे हा देवावर आळ घेणे आहे. त्या वडिलांना मी तेव्हा हेच सांगितले.

आता वाचकहो, एक विनंती. घरातील मुलगा किंवा मुलगी कारखान्यात लागली, की आपण पगार विचारतो, पाळी विचारतो, बस कोठे थांबते हे विचारतो. त्यात आणखी तीन प्रश्नांची भर घालावी. मशीन दोन हातांनी चालते की पायाने? जाळी जागेवर आहे का? ई.एस.आय.चा क्रमांक हातात पडला का? उत्तर समाधानकारक नसेल, तर पहिल्या पगाराची वाट न पाहता धर्मग्रामातील जाणत्या माणसाशी बोलावे. दौंडचा तो मुलगा आज एका वर्कशॉपमध्ये तयार मालाची तपासणी करतो. नवी मुले आली, की तो त्यांना आधी आपला उजवा हात दाखवतो आणि मग प्रेसचे पेडल दाबून, दुसरा ठोका पडत नाही ना, हे त्यांच्यासमक्ष पाहून घेतो.