पडक्या भिंतींचा शेजार

माणसाला एखादा छंद असावा, असे वडीलधारे सांगत आले आहेत. तो कोणता असावा हे मात्र ज्याचे त्याने ठरवायचे असते. कोणी टपालतिकिटे जमवितो, कोणी नाणी, कोणी पहाटे उठून पक्ष्यांच्या मागे हिंडतो. आमचा छंद यांपैकी कशातच बसत नाही. ज्या वास्तूंकडे येणाऱ्या-जाणाऱ्यांची नजर वळत नाही, ज्यांच्या दारांना वर्षानुवर्षे कुलूप आहे, ज्यांच्या भिंतींत पिंपळाने मूळ धरले आहे, अशा वास्तू शोधीत आम्ही रविवारच्या सकाळी सुरत शहरात हिंडतो. 'आम्ही' म्हणजे इतिहास शिकविणारे एक सहकारी, टपालखात्यातून निवृत्त झालेले एक स्नेही आणि प्रस्तुत लेखक. घरची मंडळी याला 'भुताटकीचा छंद' म्हणतात, आणि जेवणाला उशीर झाला की त्या नावाला थोडी धारही चढते.

जगात या छंदाचे उपासक पुष्कळ आहेत. पॅरिस नगरीच्या खाली जुन्या दगडखाणींची सुमारे ३०० किलोमीटर लांबीची भुयारे आहेत. १७८६ पासून त्यांच्या एका भागात शहरातल्या दफनभूमींतील अस्थी नेऊन रचल्या गेल्या. तेवढा भाग प्रवाशांना पाहता येतो. उरलेल्या भागात उतरण्यास १९५५ पासून मनाई आहे, तरी उतरणारे उतरतातच. जपानमध्ये हाशिमा नावाचे एक चिमुकले बेट आहे. तेथील कोळशाची खाण १९७४ मध्ये बंद झाली आणि काही महिन्यांत सारी वस्ती उठून गेली. माणसांनी गजबजलेल्या उंच इमारती समुद्राच्या वाऱ्यावर उभ्या राहिल्या. तेथे जाण्यास होडी लागते. सुरतेत ओसाडी पाहण्यासाठी इतक्या दूर जावे लागत नाही. येथे ती भर वस्तीच्या पोटात दडलेली आहे.

याचे कारण या शहराच्या नशिबात आहे. मोगल अमदानीत सुरत हे पश्चिम किनाऱ्याचे मुख्य बंदर होते. हजला निघालेले यात्रेकरू येथूनच जहाजात चढत. इंग्रजांनी १६१३ मध्ये आणि डचांनी १६१६ मध्ये येथे वखार घातली. पुढे तापी गाळाने भरत गेली, इंग्रजांनी १६८७ मध्ये आपले मुख्य ठाणे मुंबईस हलविले आणि सुरतेचे वैभव हळूहळू मुंबईच्या वाटेने निघून गेले. १८३७ मध्ये मोठी आग लागून हजारो घरे भस्मसात झाली. त्याच वर्षी पूरही आला. अगदी आपल्या आठवणीत २००६ च्या ऑगस्टमध्ये तापीने पुन्हा शहर बुडविले. प्रत्येक आपत्तीनंतर सुरतकरांनी राख आणि चिखल बाजूला सारून नव्याने दुकान मांडले. अशा गावात भूतकाळ जपून ठेवण्यास कोणाला सवड मिळणार? तो जेथल्या तेथे राहिला, एवढेच.

प्रथम दरवाजांचे पाहा. शहरात दिल्ली दरवाजा आहे, सहारा दरवाजा आहे, कतारगाम दरवाजा आहे. रिक्षावाल्यास नाव सांगताच तो नेऊन सोडतो. उतरून पाहावे, तर दरवाजा कोठेच नाही! तट गेला, वेशी गेल्या, नावे मात्र जागच्या जागी पहारा करीत उभी आहेत. जुन्या तटाचा मार्ग शोधण्यासाठी आमच्या टपालखात्यातील स्नेह्यांनी शोधून काढलेली युक्ती अशी, की दरवाजांची नावे नकाशावर लिहून त्यांतून पेन्सिलीने रेघ ओढावी आणि ती रेघ पायांनी चालून पाहावी.

मोगलसराईची गोष्ट याच्या उलट आहे. शाहजहानच्या काळात, १६४४ मध्ये, हकीकतखानाने यात्रेकरूंसाठी ही सराई बांधली. आज तेथे सुरत महानगरपालिकेचे मुख्य कार्यालय आहे. जन्माचा दाखला आणि घरपट्टीची पावती घेण्यास जाणाऱ्या शेकडो लोकांपैकी किती जणांना ठाऊक असेल, की आपण रांगेत उभे आहो त्याच अंगणात एके काळी मक्केला निघालेला प्रवासी आपले गाठोडे उशाशी घेऊन निजत असे? ही वास्तू जगली याचे कारण एकच: ती वापरात राहिली. वास्तूला पावसापेक्षा रिकामेपण अधिक लवकर पाडते, हा आमच्या छंदाने शिकविलेला पहिला धडा.

दुसरा धडा तापीपलीकडच्या रांदेरने दिला. रांदेर हे सुरतेहूनही जुने बंदर. पोर्तुगिजांनी १५३० मध्ये ते जाळले. पुढे येथील व्यापारी रंगूनला गेले आणि तेथे मिळविलेल्या पैशातून त्यांनी गावाकडे सागवानी घरे उभी केली. ब्रह्मदेशातला तो व्यापार संपला, मुले परदेशी गेली, आणि अनेक घरांच्या कोरीव दारांवर कुलपे चढली. अशा घरांच्या गल्लीतून हिंडताना सोबतीला बहुधा एखादी मांजर असते. परंतु गल्लीच्या तोंडाशी 'खावसा' विकणारा उभा असतो, आणि हा पदार्थ ब्रह्मदेशातून आलेला आहे. घर मिटले, पण स्वयंपाकघर टिकले. एखाद्या गावाचा इतिहास शेवटी कशात शिल्लक राहील, हे बांधणाराला कधीच सांगता येत नाही.

आता कतारगाम दरवाजाजवळच्या दफनभूमींकडे वळू. आमची पावले वारंवार तिकडेच वळतात. आर्मेनियन, डच आणि इंग्रज अशा तीन जमातींचे मृत येथे जवळजवळ विसावले आहेत. ही स्थळे पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहेत. तथापि निळी पाटी वाचण्यास थांबणारा विरळा. रखवालदार आम्हांस पहिल्या दिवशी म्हणाला होता, "साहेब, अंदर कंई नथी." आत काही नाही! या वाक्याला आम्ही आता शुभशकुन मानतो.

इंग्रजांच्या दफनभूमीत आत शिरताच घुमटांची गर्दी दिसते. सातासमुद्रांपलीकडून आलेल्या या व्यापाऱ्यांनी आपल्या समाध्या मात्र मुसलमानी थडग्यांच्या धर्तीवर बांधल्या. जिवंतपणी मोगल अमिराची बरोबरी साधली नाही, ती मेल्यावर साधली. सर्वांत भव्य समाधी ऑक्सेंडेन बंधूंची. धाकटा ख्रिस्तोफर १६५९ मध्ये वारला, तेव्हा त्याच्यासाठी जॉर्जने घुमट उभारला. १६६९ मध्ये जॉर्जही गेला आणि त्याच वास्तूवर आणखी मोठा घुमट चढला. ख्रिस्तोफरचा लॅटिन मृत्युलेख जमाखर्चाच्या वहीसारखा रचला आहे: मालकांनी चाकर गमावला, सोबत्यांनी सोबती, त्याने प्राण; आणि पानाच्या दुसऱ्या बाजूस मरण हाच लाभ म्हणून मांडला आहे. व्यापाऱ्यांच्या या शहरात मृत्यूलाही हिशेब द्यावा लागतो, हे पाहून आमचे स्नेही बराच वेळ हसत होते.

जवळच डचांच्या दफनभूमीत हेन्ड्रिक आड्रियान फान रीड याची दुमजली समाधी आहे. ऑक्सेंडेनच्या समाधीवर ताण करावी म्हणून डचांनी ती उभारली, असे सांगतात. हा मनुष्य एके काळी कोचीनचा डच अधिकारी होता. मलबारातील वनस्पतींवर त्याने सिद्ध करविलेला 'हॉर्टस मलबारिकस' हा ग्रंथ १६७८ ते १६९३ या काळात अ‍ॅम्स्टरडॅम येथे बारा खंडांत प्रसिद्ध झाला. १६९१ च्या डिसेंबरात कोचीनहून सुरतेस येताना तो जहाजावरच वारला. ग्रंथाचे शेवटचे खंड त्याने पाहिले नाहीत. मराठी वाचकास विशेष वाटावे ते असे, की या ग्रंथासाठी रंगभट, विनायक पंडित आणि आपूभट या तीन कोकणी भाषक वैद्यांनी साह्य केले, आणि त्यांनी १६७५ मध्ये दिलेले प्रमाणपत्र ग्रंथाच्या पहिल्या खंडात नागरी अक्षरांत छापलेले आहे. वटवाघळांच्या वासाने कोंदलेल्या त्या घुमटाखाली उभे राहून आपल्या अक्षरांचे हे नाते आठवले, की परक्याची समाधी तितकीशी परकी राहत नाही.

परंतु सर्वच नाती इतकी सुखद नसतात. आमच्या शाळेत खानदेशातून आलेल्या कुटुंबांची मुले पुष्कळ आहेत. वडील यंत्रमागावर, आई साड्यांना टिकल्या लावणार. एके दिवशी सातवीतला एक मुलगा मधल्या सुट्टीत आमच्यापाशी आला. बाकावरच्या शेजाऱ्याने त्यास म्हटले होते, की तुमच्या लोकांनी आमचे गाव लुटले. मुलाने डोळे पुसून विचारले, "सर, महाराजांनी सुरत लुटली हे चांगलं केलं की वाईट? आणि वाईट केलं असेल, तर मग आपण इथं का राहतो?"

या प्रश्नाचे उत्तर वर्गात बसून देण्यासारखे नव्हते. पुढच्या शनिवारी आम्ही त्या दोघांसह दहा-बारा मुलांना जॉर्ज ऑक्सेंडेनच्या समाधीपाशी नेले. १६६४ च्या जानेवारीत महाराज सुरतेवर चालून आले, तेव्हा इंग्रजांच्या वखारीचा अध्यक्ष हाच होता. सुभेदार इनायतखान किल्ल्यात दडून बसला. इंग्रजांनी आणि डचांनी आपापल्या वखारी राखल्या. शहर मात्र उघडे पडले. आम्ही मुलांना सांगितले, की शायिस्तेखानाने तीन वर्षे पुण्यात तळ देऊन महाराजांचा मुलूख उजाड केला होता, आणि सुरत ही त्याच मोगल सत्तेची तिजोरी होती. हेही सांगितले, की तिजोरी फोडताना घरे जळाली आणि ज्यांचा शायिस्तेखानाशी काही संबंध नव्हता अशीही माणसे पोळली. १६७० मध्ये मराठे पुन्हा आले. पुढे दीर्घकाळ सुरतेवर चौथाईचा हक्क राहिला, तो पेशव्यांनी १८०२ च्या वसईच्या तहात सोडला. त्याचबरोबर फ्रेंच प्रवासी बर्निए याने लिहून ठेवलेली हकीकतही सांगितली: फादर आंब्रोज या धर्मगुरूच्या मठास मराठ्यांनी हात लावला नाही, आणि डचांच्या एका दिवंगत हिंदू दलालाचे घर, तो दानशूर होता म्हणून, वगळले.

मुलांनी काही वेळ ऐकले. मग ज्याने टोमणा मारला होता तो गुजराती मुलगा म्हणाला, "म्हणजे सर, दोन्ही गोष्टी खऱ्या?" आम्ही होय म्हटले. त्यानंतर दोघेही घुमटाखाली जाऊन आपला आवाज कसा घुमतो ते पाहू लागले. आमच्या अध्यापनाचा परिणाम याहून अधिक झाल्याचा आमचा दावा नाही. पण पाठ्यपुस्तकातील एका ओळीने दोन मुलांमध्ये जी भिंत घातली होती, ती चार खऱ्या भिंतींपाशी नेऊन थोडी खाली आणता आली, एवढे आम्ही पाहिले.

या छंदाची वाट आमच्यापूर्वी चालून गेलेला एक पूर्वजही सुरतेच्याच मातीत आहे. टॉमस कोरियट नावाचा इंग्रज अलेप्पोपासून अजमेरपर्यंत पायी आला आणि १६१७ च्या डिसेंबरात सुरतेत वारला. त्याआधी युरोपच्या पायी प्रवासात वापरलेले जोडे त्याने आपल्या ऑडकम गावच्या चर्चमध्ये टांगले होते. सुवाळीच्या बाजूस एका घुमटीला त्याची समाधी म्हणतात. तेथे गेलो असता आमच्या स्नेह्यांनी आपल्या झिजलेल्या वहाणांकडे पाहिले आणि म्हणाले, "या टांगायला कोणते देऊळ तयार होईल?"

या छंदाकडे ज्यांचे मन ओढ घेईल त्यांच्यासाठी काही नियम सांगणे आवश्यक वाटते. कुलूप दिसल्यास भिंत चढू नये. मालक, रखवालदार वा शेजारी यांना विचारावे. विचारल्याने परवानगी मिळते आणि बहुधा एखादी गोष्टही मिळते. एकट्याने जाऊ नये. बॅटरी आणि काठी जवळ असावी. लाकडी माडीवर पाय देण्यापूर्वी काठीने ठोकून पाहावे आणि पावसाळ्यात माडी चढूच नये. मधमाश्यांच्या पोळ्याशी पराक्रम गाजवू नये. भुयाराच्या दंतकथा ऐकाव्यात, परंतु भुयारात उतरू नये. पुष्कळदा ते घराखालचे पावसाच्या पाण्याचे टाके असते. तेथून खिळा वा विटेचा तुकडाही आणू नये आणि भिंतीवर आपले नाव तर मुळीच कोरू नये. वहीत टिपावे, जमल्यास छायाचित्र काढावे, आणि पुढच्या वर्षी पुन्हा जावे. कारण पुढच्या वर्षी त्या जागी पत्र्याचे कुंपण आणि नव्या इमारतीचा फलक असण्याचा संभव फार आहे.

आपण महाराष्ट्राबाहेर राहणारी मराठी माणसे. कोणी बडोद्यास, कोणी इंदूरला, कोणी ग्वाल्हेरला, कोणी तंजावरला. पिढ्या गेल्या तरी आपल्या बोलण्यात 'आमच्याकडे' म्हणजे महाराष्ट्र आणि 'यांच्याकडे' म्हणजे आपण राहतो ते गाव, अशी वाटणी राहतेच. तंजावरच्या बृहदीश्वराच्या भिंतीवर भोसले कुळाचा इतिहास १८०३ मध्ये मराठीत कोरला गेला, त्याचा अभिमान आपण सारेच बाळगतो. पण त्या भिंतीची बाकीची अक्षरे कोणाची, हे विचारणारे थोडे. पाहुणा दिवाणखान्यात बसतो आणि मांडलेल्या वस्तूंचे कौतुक करतो. घरचा माणूस माळ्यावर चढतो, अडगळीत हात घालतो, मोडके पेटारे उघडून पाहतो. त्यांत जे निघेल ते भूषणाचे असो वा अडचणीचे, आपलेच मानतो. ज्या गावाने आपल्याला अन्न दिले त्या गावाचा माळा आपण पाहिला आहे का, असे प्रत्येक कुटुंबाने एकदा स्वतःला विचारावे. येत्या रविवारी मुलांचा हात धरून आपल्या गल्लीमागच्या बंद दारापर्यंत चालत जावे. आत काही नाही असे कोणी सांगितले, तर तेथे थोडे अधिक थांबावे.