छत्रीबाग ते काली पलटन

इंदूरमध्ये राजवाड्याच्या चौकातून कृष्णपुऱ्याच्या पुलाकडे निघालं की दुकानांच्या पाट्यांच्या वर दगडी शिखरं दिसू लागतात. कान्ह नदीच्या काठावर होळकरांच्या तीन छत्र्या आहेत: एक कृष्णाबाईंची, दुसऱ्या दोन तुकोजीराव दुसरे आणि शिवाजीराव यांच्या. लोक फोटो काढतात ते शिखरांचे. मी आले होते बाहेरच्या भिंती बघायला. तिथे शिपाई आहेत, घोडेस्वार आहेत, वाद्यं वाजवणारे आहेत. कोरणाऱ्याने त्यांच्या पागोट्यांवर आणि हत्यारांवर मन लावून काम केलंय. नाव मात्र एकाचंही नाही.

कृष्णाबाई म्हणजे यशवंतराव होळकरांच्या पत्नी. २१ डिसेंबर १८१७ रोजी क्षिप्रेकाठी महिदपूरला होळकरांची फौज इंग्रजांपुढे हरली, तेव्हा गादीवर असलेला त्यांचा मुलगा मल्हारराव अकरा वर्षांचा होता. ६ जानेवारी १८१८ ला मंदसौरचा तह झाला आणि त्यानंतर राजधानी इंदूरला आली. आज आपण जे इंदूर पाहतो, त्याच्या पायात महिदपूरला पडलेली माणसं आहेत. त्या लढाईतल्या शिपायांची जेवढी नावं जुन्या कागदांत सापडतील तेवढी या भिंतींशेजारी एका फलकावर लिहावीत, असं मला फार मनापासून वाटतं.

तिथून रिक्षाने छत्रीबागेत गेले. घराण्यातल्या आधीच्या पिढ्यांच्या छत्र्या इथे आहेत, आणि वर्दळ जवळजवळ नाही. होळकरांचं सगळं वैभव घोड्याच्या पाठीवर मिळवलेलं. मरणही बहुधा मुक्कामावर नाहीतर मोर्च्यावर. १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात तोफेचा गोळा लागून खंडेराव गेले. सती निघालेल्या त्यांच्या पत्नी अहिल्याबाईंना सासऱ्यांनी, थोरल्या मल्हाररावांनी, थांबवलं. बारा वर्षांनी, १७६६ मध्ये, तेच मल्हारराव आलमपूरच्या छावणीत वारले. आलमपूर आज भिंड जिल्ह्यात आहे, इंदूरपासून कितीतरी लांब. अहिल्याबाईंनी त्यांची छत्री तिथेच, जिथे देह पडला तिथे, बांधली. मला यात त्यांचा स्वभाव दिसतो. सोयीच्या जागी स्मारक उभारून त्यांनी भागवलं नाही. पुढे महेश्वरला खुद्द अहिल्याबाईंचं स्मारक यशवंतरावांनी सुरू केलं आणि पुरं केलं ते कृष्णाबाईंनी. या लढवय्या घराण्यात गेलेल्यांची आठवण दगडात उतरवण्याचं काम असं वारंवार मागे राहिलेल्या बायकांनी अंगावर घेतलं. आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत लढायांची पानंच्या पानं असतात; या कामाला दोन ओळीसुद्धा मिळत नाहीत.

दुपारी महूची बस धरली. राऊ मागे पडलं की थोड्या वेळात छावणीच्या भिंती आणि ओळीने लावलेली झाडं सुरू होतात. ही छावणीसुद्धा मंदसौरच्या तहानंतरचीच. इन्फंट्री स्कूलच्या फाटकांवरून पुढे जाऊन मी काली पलटन भागात उतरले. सुभेदार रामजी सकपाळ इथल्या लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते, आणि १४ एप्रिल १८९१ रोजी त्यांचा भीमराव, पुढचे बाबासाहेब आंबेडकर, इथे जन्मला. आजोबा मालोजी फौजेतले, आई भीमाबाईंचं माहेर मुरबाडकरांचं, तेही फौजेतलंच. जन्मस्थानी आता पांढऱ्या संगमरवराचं घुमटाचं स्मारक आहे. आत शिरताना सगळे आपोआप हळू बोलू लागतात.

मंदसौरचा तह होण्याच्या पाच दिवस आधी, १ जानेवारी १८१८ ला, भीमेकाठी पेशव्यांची आणि इंग्रजांची कोरेगावची लढाई झाली होती. त्या महिन्याभरात मराठी बोलणारी माणसं दोन्हीकडून लढली. कोरेगावला इंग्रजांनी उभारलेल्या स्तंभावर पडलेल्या महार शिपायांची नावं कोरली गेली. ज्यांना गावात सरळ नावाने हाक मिळत नव्हती, त्यांची नावं दगडावर आली. पुढे त्याच समाजाला फौजेची दारं बंद झाली. म्हणून १ जानेवारी १९२७ ला बाबासाहेब त्या स्तंभापाशी गेले, याचा अर्थ मी असा लावते: सुभेदाराच्या मुलाने पूर्वजांना मानवंदना दिली आणि त्यांच्या नावाने हक्कही मागितला. छत्री बांधायला ज्यांच्याकडे दौलत नव्हती, त्यांनी दरवर्षी जाऊन उभं राहण्यातूनच स्मारक जिवंत ठेवलं.

स्मारकाच्या पायऱ्यांवर बुलढाण्याकडचे एक निवृत्त हवालदार नातवाला घेऊन बसले होते. महार रेजिमेंटमध्ये होते. १९४१ साली बेळगावला उभी राहिलेली ही रेजिमेंट, आता तिचं केंद्र मध्य प्रदेशातच, सागरला.

“काका, तुमच्या टोपीवर कोरेगावचा स्तंभ होता का?” मी विचारलं.

“आमच्या वेळी नाही, ताई. पहिल्या लोकांच्या टोपीवर होता. मग त्या जागी कट्यार आली.” नातवाकडे वळून ते म्हणाले, “पण चित्र काढायला सांगितलं की हा स्तंभच काढतो.”

नातवाने वही उघडून दाखवली. स्तंभ थोडा कललेला, शेजारी बंदूकधारी शिपाई, आणि शिपायाच्या खाली आजोबांचं पूर्ण नाव, हुद्द्यासकट.

मी पुण्याची म्हटल्यावर काकांनी लगेच बजावलं, “एक जानेवारीला कोरेगावला या. पण पहाटेच निघा बरं का, नंतर नगर रस्त्यावर पाय ठेवायला जागा राहत नाही. आम्ही रात्रीच येऊन थांबतो.”